आईला पहिल्याच भागात मारण्याआधी: सुपरहिरोंच्या मालिका लिहिणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी गोव्यातल्या माशेलची, प्राथमिक शाळेत शिकवते. घरात आम्ही कोकणी बोलतो. लिहिणं-वाचणं, भजन, नाटक सगळं मराठीत, म्हणून पत्रही मराठीत. मुलांसाठी मालिका लिहिणारे तुम्ही, आणि आपल्याकडचा एखादा सुपरहिरो उभा करावा असं मनात घोळवणारे तुम्ही, तुम्हा सगळ्यांसाठी हे आहे. उदाहरणं मात्र बहुतेक अमेरिकेतली देणार आहे, कारण आमच्या घरात सध्या तिकडचीच मालिका चालू आहे.

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी वीज गेली होती. मी आणि माझा भाचा बाहेर सोप्यावर बसलो होतो. मोबाईलची बॅटरी संपत आली म्हणून त्याने 'द फ्लॅश' ही मालिका अर्ध्यात थांबवली होती. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मावशे, बॅरीची आई मेली म्हणून त्याला शक्ती मिळाली. माझी पण आई मेली. मग मला कधी मिळणार?"

फोंड्याची बस किती वाजता येणार हे विचारावं, तितक्या साधेपणाने त्याने विचारलं. रडला नाही, चिडला नाही. दोन वर्षं वाट बघून झालेल्या मुलाचा तो हिशेब होता.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. कर्करोग. कळल्यापासून सात महिने. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाच ती मुलाला घेऊन माहेरी आली होती. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचे वडील जहाजावर असतात, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळे तो आजोळीच राहिला. आजी, मामा, मामी, त्यांची दोन मुलं आणि मी, अशा घरात तो वाढतोय. त्याचं नाव मी लिहीत नाही. आता अकरा वर्षांचा आहे, उद्या हे वाचेल.

मालिका 'द फ्लॅश', विजेच्या वेगाने धावणाऱ्या सुपरहिरोची. ऑक्टोबर २०१४ ते मे २०२३, नऊ सीझन, १८४ भाग. मामेभावाने त्याला लावून दिली. मला कळलं तेव्हा मी बंद केली नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसले. बॅरी ॲलन अकरा वर्षांचा असताना एका रात्री त्याच्या घरात विजेच्या लोळासारखं काहीतरी शिरतं आणि त्याची आई नोरा मारली जाते. पोलीस त्याच्या वडिलांना, डॉक्टर हेन्री ॲलनना, पकडून नेतात. मुलाने पाहिलेलं कुणी खरं मानत नाही. वडील आयर्न हाइट्सच्या तुरुंगात जातात आणि मुलाला सांभाळतो जो वेस्ट नावाचा पोलीस अधिकारी.

भाच्याला मी तेव्हा काय उत्तर दिलं ते आधी सांगते. म्हटलं, नीट आठव. बॅरीला शक्ती आईमुळे मिळाली नाही. तो मोठा झाला, पोलिसांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला, स्टार लॅब्सच्या यंत्राचा स्फोट झाला, त्याच्यावर वीज पडली, तो नऊ महिने बेशुद्ध होता. शक्ती विजेची आहे. आई त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेलेली. तो म्हणाला, "पण ती गेली नसती तर गोष्टच नसती."

यावर मला बोलता येईना. कारण तो बरोबर होता. तुमच्या धंद्याचा नियम एका अकरा वर्षांच्या मुलाने ओळखला होता.

पहिल्या सीझनच्या शेवटी खलनायक थॉन स्वतःच बॅरीला सांगतो की त्याने नोराला का मारलं. त्या आघाताने पोरगा इतका मोडावा की तो कधी फ्लॅश होऊच नये, म्हणून. म्हणजे त्या मालिकेच्या लेखकांना हे नीट ठाऊक होतं. आईचा मृत्यू मुलाला घडवतो, असं त्यांनी लिहिलेलं नाही. मुलाला मोडण्यासाठी टाकलेला तो घाव आहे, आणि मूल जगतं ते त्या घावाला न जुमानता. हे वाक्य मालिकेत आहे, पण ते यायला तेवीस भाग लागतात. तोवर पाहणाऱ्या मुलांच्या मनात उलटा धडा पक्का झालेला असतो: आधी आई जाते, मग ताकद येते.

हा माझा अंदाज नाही, वह्या आहेत माझ्याकडे. गेल्या वर्षी चौथीच्या मुलांना मी 'माझा सुपरहिरो' अशी गोष्ट लिहायला दिली. निम्म्याहून जास्त मुलांनी पहिल्या दोन ओळींत आई-वडिलांना संपवलं. अपघातात, आगीत, पुरात, राक्षसाच्या हातून. ज्यांच्या घरी आई-बाबा दोघं धडधाकट आहेत अशीच ही बहुतेक मुलं. एकीने लिहिलं होतं, 'तिचे आईबाबा मेले. ती खूप बलवान झाली.' पूर्णविराम. मधे काहीच नाही. वर्गात एक मुलगा बसतो, त्याचे वडील खाणीच्या ट्रकवर होते, ते रस्त्यावरच गेले. त्याने गोष्ट लिहिली नाही. कागद कोरा दिला. मी त्याला काही विचारलं नाही, आणि तो विषय पुन्हा वर्गाला दिला नाही.

हा रिवाज जुना आहे, मला माहीत आहे. १९३८ मध्ये सुपरमॅन आला तो क्रिप्टॉन नावाचा अख्खा ग्रह नष्ट होताना, आई-बापांनी यानात घालून पाठवलेलं बाळ म्हणून. १९३९ मध्ये बॅटमॅन आला आणि त्याच वर्षी त्याच्या आई-वडिलांचा रस्त्यावरचा खून सांगून झाला. तेव्हापासून तो खून किती वेळा पडद्यावर झाला असेल! 'गॉथम' ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली तीही त्याच गल्लीतून. 'ॲरो' या मालिकेतला बाप मुलगा जगावा म्हणून स्वतःवर गोळी झाडतो आणि पुढे आईलाही मुलांच्या डोळ्यांसमोर मारतात.

सुपरमॅन लिहिणाऱ्या जेरी सीगलबद्दल एक गोष्ट वाचली आणि ती मनातून जात नाही. क्लीव्हलंडमध्ये त्याच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले आणि त्या प्रकारात वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन ते गेले. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा. पुढे त्याने मित्र जो शुस्टरबरोबर असा माणूस उभा केला, ज्याला गोळी लागत नाही आणि जो अडल्यानडल्याच्या मदतीला क्षणात पोचतो. एकातून दुसरं आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पहिला सुपरहिरो ज्या हातांनी लिहिला, त्या हातांना बाप जाणं म्हणजे काय हे ठाऊक होतं. नंतरच्या कित्येकांनी ते नुसतं उसनं घेतलं. दुःख त्याचं, पद्धत सगळ्यांची.

माझं मागणं आई-बापांना मारूच नका असं नाही. आई-बाप जातात. आमच्या घरातून गेली. ज्या मुलांची गेलीत त्यांना पडद्यावर आपल्यासारखं कुणी दिसायलाच हवं. माझं भांडण आहे ते दुसऱ्या दिवसाशी. तुम्ही तो दाखवत नाही. खून होतो, मूल किंचाळतं, पडद्यावर 'चौदा वर्षांनंतर' येतं आणि तरणाबांड नायक धावत सुटतो. ती चौदा वर्षंच तर गोष्ट आहे.

आमच्याकडचा दुसरा दिवस सांगते. सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलचा भोंपू वाजला. घरात सुतक, चूल थंड, माणसं रात्रभर जागलेली, कुणी हललं नाही. मुलगा उठला. दारामागे खिळ्याला अडकवलेली पिशवी घेतली आणि बाहेर गेला, कारण रोज तोच जायचा. पोदेराला काही ठाऊक नव्हतं. त्याने रोजच्यासारखे आठ उंडे, म्हणजे गोल पाव, दिले. मुलाने ते आणून ओट्यावर ओळीने मांडले आणि मोजले. पुन्हा मोजले. मग एक उंडो उचलून तो दोन्ही हातांत धरून उभा राहिला. कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. आजारपणात बहिणीला दुसरं काही जात नव्हतं, ती उंडो चहात बुडवून खायची. शेवटी माझ्या आईने त्याच्या हातातून तो काढून घेतला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोघांनी कोरडेच खाल्ले.

त्यानंतर कितीतरी दिवस असेच. शाळेचा फॉर्म आला, त्यात आईच्या नावाचा रकाना. 'कै.' लिहायचं की नाही यावर तो अडला. मामाने 'पालक' म्हणून सही केली आणि 'विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यापाशी त्याचा हात थांबला, मग त्याने स्पष्ट अक्षरात 'मामा' लिहिलं. डबा मामी भरते, पण पोळीची गुंडाळी आई वेगळी करायची. न्हाव्याकडे कुणी न्यायचं, ताप आला तर रात्री उशाशी कुणी बसायचं, हे ठरवावं लागलं. शिवाय गोव्यात घरातलं माणूस गेलं की वाटणीसाठी 'इन्व्हेंटरी'चा, म्हणजे वारसा-मालमत्तेच्या कोर्टातल्या नोंदीचा, विषय निघतोच, तोही निघाला, आणि सोप्यावर बसलेल्या मोठ्यांच्या बोलण्यात आपलं नाव येतंय हे ऐकून पोरगं दाराआड उभं राहिलं. यातला एकेक दिवस म्हणजे एकेक भाग आहे. लिहून बघा. मारामारीपेक्षा जास्त श्वास रोखून बघतील मुलं.

'द फ्लॅश'ने यातलं थोडं केलं आहे, म्हणून मी तिला धरून बसले आहे. जो वेस्ट हे पात्र. जेसी एल. मार्टिनने केलं आहे आणि माझ्या मते सगळ्या मालिकेत त्याच्याइतकं खरं कुणी नाही. हेन्रीने बायकोला मारलं असंच त्यालाही वाटत असतं, तरी त्याचा मुलगा तो स्वतःच्या लेकीसोबत वाढवतो. बॅरीचे खरे वडील तुरुंगात जिवंत आहेत, त्यांची जागा आपण घ्यायची नाही, पण त्यांचं काम रोज करायचं. तो शहाणपणा त्या माणसाच्या चालण्या-बोलण्यात आहे. आमचा मामा कधी मालिका बघत नाही. एकदा जेवताना भाचा त्याला म्हणाला, "तू जो आहेस." मामाने विचारलं, म्हणजे कोण? तर म्हणाला, "पोलीस." त्याहून जास्त सांगितलं नाही, आणि मामाने ताटातला तळलेला मोठा सुंगट, म्हणजे कोळंबी, त्याच्या ताटात टाकला.

तुरुंगातल्या भेटी मात्र भाचा एकटा पाहायचा. काचेच्या पलीकडे बाप, अलीकडे मुलगा, मधे फोन. आमच्याकडे दर रविवारी जहाजावरून व्हिडिओ कॉल येतो. कधी चेहरा येतो, आवाज येत नाही. कधी आवाज येतो आणि चेहरा चौकोनांत विस्कटतो. एकदा तो मला म्हणाला, हेन्रीची काच बरी, तुटत नाही. पुढे कॉल ठेवताना तो मोबाईलच्या काचेवर तळवा टेकवतो हे माझ्या लक्षात आलं. वडील पलीकडे दिसले तर तेही टेकवतात. हे त्यांना कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे. त्यासाठी मी त्या लेखकांचे आभार मानते.

आणखी एक जागा. दुसऱ्या सीझनच्या शेवटी हेन्री मारला जातो आणि थोड्याच वेळात बॅरीसमोर एक कैदी येतो, त्याच्या चेहऱ्यावरचा लोखंडी मुखवटा निघतो, तर आत हेन्रीचाच चेहरा. वेगळ्याच विश्वातल्या पृथ्वीवरचा फ्लॅश, जे गॅरिक. दोन्ही भूमिका जॉन वेस्ली शिपच्या, जो १९९० च्या जुन्या मालिकेत स्वतः फ्लॅश होता. चेहरा वडिलांचा, माणूस परका. बॅरी त्याच्याकडे बघवत नसल्यासारखा बघतो. मी आणि माझी बहीण पुष्कळ सारख्या दिसायचो. बाजारात लोक चुकायचे. पहिले सहा महिने भाचा माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघायचा. मला वाटायचं त्याला मी आवडत नाही. तो प्रसंग त्याच्या शेजारी बसून पाहिला तेव्हा मला कळलं, आणि त्यालाही बहुधा कळलं, की मला कळलंय.

आता हेन्रीच्या मरण्याबद्दल. चौदा वर्षं निर्दोष माणूस तुरुंगात काढतो, दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला सुटतो, आणि त्याच सीझनच्या शेवटी, नोरा जिथे मेली त्याच घरात, त्याला मुलासमोर मारतात. कशासाठी? बॅरीला पुन्हा भूतकाळात पाठवायचं होतं, त्यासाठी त्याला पुन्हा पोरकं करायचं होतं, एवढंच. तो भाग संपल्यावर भाचा उठून परसात गेला आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. मी मागोमाग गेले. तो म्हणाला, बाबांच्या जहाजाला काही होत नाही ना? तुम्ही कथेला चावी द्यायला एक बाप खर्च करता, तेव्हा दूरच्या कुठल्यातरी विहिरीपाशी एक मूल हा प्रश्न विचारत असतं. लिहिताना एवढं मनात असू द्या.

पहिल्या सीझनचा शेवट मात्र मी शाळेतल्या बाईसारखी पुन्हा पुन्हा शिकवीन. त्यासाठी आधी आमच्या गावचा देव सांगायला हवा.

माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे. कृष्ण राधेबरोबर, रुक्मिणीबरोबर, बलरामाबरोबर पुष्कळ ठिकाणी असतो. आमच्याकडे तो आईबरोबर आहे, आणि तीही यशोदा नाही, जन्म देणारी देवकी. काळ्या पाषाणात उभी देवकी आणि तिच्याजवळ लहानगा कृष्ण. कथा अशी सांगतात: जरासंधाशी लढताना कृष्ण गोमांचल पर्वतावर आला होता. देवकी त्याला शोधत आली. पण तिने त्याला जन्मल्या रात्री पाहिलेलं. समोर उभा असलेला वाढलेला पुरुष आपला मुलगा, हे तिला ओळखता येईना. तेव्हा कृष्ण पुन्हा बाळ झाला, आणि तिने त्याला उचलून घेतलं.

त्या तेविसाव्या भागात बॅरी आईला वाचवायला त्या रात्रीत परत जातो. जावं की नाही यावर हेन्री त्याला नको म्हणतो आणि जो वेस्ट म्हणतो जा. ज्याचा मुलगा हातचा जाणार आहे तोच जा म्हणतो, हेही बघण्यासारखं. पण त्या घरात आधीच आलेला, भविष्यातला तोच फ्लॅश त्याला हाताने खूण करतो: थांब. आणि बॅरी थांबतो. दाराआड उभा राहून आईचं मरण ऐकतो. मग आत जाऊन तिच्याजवळ बसतो. ती या परक्या तरुणाकडे बघते आणि म्हणते, तू माझ्या वडिलांसारखा दिसतोस. तेव्हा तो सांगतो की मी बॅरी, तुझाच मुलगा. बाबा आणि मी बरे आहोत. तिला घाबरू नको म्हणतो. ती जाते.

मी चाळीस वर्षं त्या देवळात जाते. देवकीची गोष्ट मला तोंडपाठ आहे. ती मला त्या रात्री मोबाईलच्या वीतभर पडद्यावर समजली. मुलाला काय हवं असतं? आई परत यावी हे तर हवंच असतं. पण ते होणार नाही हे नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं. त्यानंतरही एक गोष्ट उरते: मी मोठा होतोय, तिने पाहिलेला मी आता राहिलो नाही, मग ती मला ओळखेल का? भाच्याचे दुधाचे शेवटचे दात तिच्यानंतर पडले. त्याची उंची दारावरच्या तिच्या पेन्सिलच्या खुणेच्या वितभर वर गेली आहे. सूड, शक्ती, शत्रू यातलं त्याला काही नको आहे. ही एक भीती आहे, आणि तुमच्यातल्या कुणीतरी ती एकदा नेमकी लिहिली.

दुसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी बॅरी आईला वाचवतो आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला तीन महिने आई-वडिलांसोबत राहिलेला दिसतो, हेही आम्ही पाहिलं. पण जुन्या आयुष्याच्या आठवणी पुसट होत जातात आणि शेवटी त्याला ती रात्र परत घडू द्यावी लागते. परतल्यावरही सगळं पहिल्यासारखं नाही. मित्राचा भाऊ गेलेला आहे. भाच्याला हे आवडलं नाही. मला वाटतं ते त्याने अजून थोडा मोठा झाल्यावर बघायला हवं होतं. ती चूक माझी.

तुम्हाला आपल्या मातीतला नायक लिहायचा असेल, तर मूळ शोधायला घर रिकामं करण्याची गरज नाही. २०२२ ची 'मिस मार्व्हल' बघा. सहा भाग. कमला खानचे आई-बाबा दोघं जिवंत आहेत, ओरडतात, लाड करतात, काळजी करतात. तिचा पोशाख आई शिवते. नाव तिला बापाकडून मिळतं. आणि तिच्या शक्तीचं मूळ १९४७ च्या फाळणीत आहे: कराचीला जाणारी गाडी सुटत असताना स्टेशनच्या गर्दीत हरवलेली लहान मुलगी, जी पुढे तिची आजी झाली. हरवणं आहे, मृत्यू आहे, पण तो घराण्याच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण सांगायला आजी जिवंत आहे.

अशी मुळं गोव्यात घरोघर आहेत. आमचा देवकीकृष्ण मूळचा माशेलचा नाही. तो चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोक देव घेऊन निघाले; आधी मये, मग माशेल. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. नदीपलीकडे पोर्तुगिजांची सत्ता नव्हती म्हणून रात्री होड्यांतून देव नेले. क्रिप्टॉन जळत असताना बाळ यानात ठेवणारे आई-बाप मी पहिल्यांदा चित्रात पाहिले, तेव्हा मला परकं काही वाटलं नव्हतं.

आणि मुलं. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या दरबारातून हुकूम आला की ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजी-आजोबा नाहीत ती जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांचा बाप्तिस्मा करावा. पुढे ही व्याख्या वाढवत नेली, बाप मेला की आई जिवंत असूनही मूल पोरकंच धरलं जाऊ लागलं. म्हणून नातेवाईक अशी मुलं रातोरात नदीपार पाठवत. विचार करा: दारावर सरकारचा माणूस, आत नुकतीच विधवा झालेली आई, आणि होडीत बसवायला मूल घेऊन निघालेला मामा. पोरकं कोण हे कागद ठरवणार की त्याला धरून ठेवणारे हात ठरवणार? यावर सुपरहिरोची मालिका लिहायला किती सीझन हवेत तुम्हाला?

तेव्हा मागणं एवढंच. आई मारणार असाल तर आधी ती कोण होती ते आम्हाला कळू द्या. नोरा ॲलन मरताना आम्ही वारंवार पाहिली, जगताना फार थोडी. तिला काय आवडायचं, ती कशावर चिडायची, गाताना कुठे चुकायची. माझ्या बहिणीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या येत नसत, दरवर्षी फुटायच्या, आणि दरवर्षी ती पुन्हा करायची. भाचा हे मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतो. ती कशी गेली, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही.

आमच्याकडे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. भर पावसात गावातले बाप्ये आणि पोरं अंगाला तेल लावून चिखलात उतरतात आणि कृष्णाने गोकुळात खेळले तसे लहानपणीचे खेळ खेळतात. यंदा भाचा पहिल्यांदा उतरला. गेली दोन वर्षं तो कडेला उभा राहायचा. मी छत्री घेऊन माणसांच्या गर्दीत थांबले होते. खेळ संपता संपता चिखलाने माखलेली दहा-बारा पोरं एकदम आमच्या बाजूला आली. डोळे सोडले तर काही दिसत नव्हतं. बायका आपापलं पोर शोधत होत्या, चुकत होत्या, हसत होत्या. एक पोरगा सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि काही बोलला नाही. नुसता बघत राहिला, माझ्या चेहऱ्याकडे.

मी त्याला नावाने हाक मारली.

"कसं ओळखलंस?"

"येताना चालीवरून. तुझी आई अशीच चालायची, डावा पाय जरा बाहेर टाकून."

त्याने खाली पायांकडे पाहिलं. मग घरी येईपर्यंत तो माझ्या चार पावलं पुढे चालत राहिला, पावसात, छत्री नको म्हणून, आणि मधूनमधून मागे वळून मी बघते आहे ना ते बघत होता.

आपली,
एक मावशी
माशेल, गोवा